एनसीबीआय पॅथोजेन डिटेक्शन: भारी आहे, फक्त पत्ता विचारू नका (४/५)

अमेरिकन सरकारच्या एनसीबीआय ह्या जैविक माहिती केंद्राची साइट आहे, पैसे नाहीत, लॉगिन नाही, उघडा आणि शोधायला लागा. जगभरातल्या लॅब साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय वगैरे आजार पसरवणाऱ्या जंतूंचे जीनोम (म्हणजे पूर्ण डीएनएची नोंद) अपलोड करत असतात आणि ही साइट ते एकमेकांशी ताडून जवळच्यांचे क्लस्टर, म्हणजे गट, करते, वर प्रत्येक क्लस्टरचा ट्री (वंशावळीसारखं झाड) पण काढून देते. पेशंटमधला जंतू आणि दुकानातल्या चिकनमधला जंतू शेजारशेजारच्या फांदीवर दिसला ना की चिकन घेताना हात जरा थबकतोच.

असल्या ताडण्याने काय होतं ते किंडर चॉकलेटच्या वेळी दिसलं. (तो तपास युरोपातल्या यंत्रणांचा, ह्या साइटचा नाही, पण तत्त्व तेच.) फेब्रुवारी २०२२ मधे ब्रिटनने साल्मोनेलाच्या एका क्लस्टरची खबर दिली, आजारी बहुतेक लहान मुलं, आणि जंतू असा की त्याच्यावर बरीच अँटिबायोटिक्स चालेनात. जीनोम जुळवत जुळवत माग निघाला तो थेट बेल्जियममधल्या आर्लोंच्या फॅक्टरीत, बटरमिल्कच्या टाक्यांपर्यंत. तोवर माल किमान ११३ देशांत गेलेला!

मला सगळ्यात आवडला तो रेझिस्टन्सचा, म्हणजे जंतू औषधांना दाद न देण्याचा, कॉलम. एएमआरफाइंडरप्लस हे त्यांचंच टूल प्रत्येक जीनोममधले रेझिस्टन्सचे जीन शोधून नावानिशी मांडतं. कोलिस्टिन ह्या शेवटचा उपाय म्हणून वापरायच्या अँटिबायोटिकला जंतू दाद देत नाही तो ज्याच्यामुळे, तो एमसीआर-१ जीन चीनमधून जाहीर झाला नोव्हेंबर २०१५ मधे, मग डेन्मार्कवाल्यांनी आपल्याकडे आधीच सिक्वेन्स करून (डीएनए वाचून) ठेवलेल्या जंतूंच्या साठ्यात शोधलं तर काही आठवड्यांतच सापडला की, एका पेशंटच्या रक्तात आणि आयात केलेल्या चिकनमधे. म्हणजे पाहुणा कधीच घरात येऊन बसलेला. (आपल्याकडे कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी आली २०१९ मधे.) मात्र जीन दिसला म्हणजे औषध फेल असं लगेच धरू नका, जंतू लॅबमधे वाढवून त्याच्यावर औषध चालतं का ती प्लेटवरची टेस्ट करावीच लागते आणि तसे रिझल्ट साइटवर थोड्याच नमुन्यांचे आहेत.

आता एक स्टार का कापला ते. नमुना कुठून घेतला, कधी घेतला ही माहिती लॅबनेच भरायची असते आणि तिथे सगळा आनंद आहे, कुणी स्टूल लिहितं, कुणी फीसिस (दोन्हींचा अर्थ विष्ठाच), कुणी नुसतं ह्यूमन, कुणी चक्क मिसिंग, आणि देश-वर्षाच्या पुढे तर बऱ्याच जणांची गाडी जातच नाही. त्यात नोंदींचा ढीग अमेरिका आणि ब्रिटनचा, भारताच्या त्यामानाने फारच कमी, त्यामुळे ट्री बघून "हा जंतू अमेरिकेतून निघाला" असं ठोकून देऊ नका, तिथे जास्त शोधतात म्हणून तिथे जास्त सापडतो. दोन जंतू नात्यातले आहेत एवढं ही साइट सांगते, कोण कुठल्या कंटेनरमधून कुठे गेला ते बिलं आणि बॅच नंबर काढूनच शोधायचं.

नवीन लोकांनी आयसोलेट्स ब्राउझरपासून, म्हणजे साइटवरच्या नमुन्यांच्या शोध-टेबलापासून, सुरुवात करा. आणि लॅपटॉप घ्या, टेबल आडवं लांबच लांब आहे, मोबाईलवर स्क्रोल करून अंगठा जाईल.