लाकडी दातेरी चाकांचं शिल्प: चावी की मोटर?

चाकं कापून, घासून, पॉलिश करून झाली की मग प्रश्न येतो: आता याला मोटर कुठली लावू? तोवर उशीर झालेला असतो. शिल्प कशावर चालणार हे आधी ठरवायचं आणि चाकं नंतर आखायची, कारण चावीच्या शिल्पात आणि मोटरच्या शिल्पात वेग आणि जोर एकमेकांच्या उलट बदलत जातात.

चावीवर किंवा लोंबत्या वजनावर चालणाऱ्या शिल्पात पहिलं चाक अगदी संथ फिरतं आणि पुढची चाकं वेग घेत जातात. वेग साठपट झाला की शेवटच्या चाकाशी पीळ (फिरवण्याचा जोर) साठावा हिस्साच उरतो, वर घर्षण त्यातूनच आपला वाटा उचलतं. मोटरचं बरोबर उलट. पहिला शाफ्ट (चाकाचा दांडा) भराभर फिरतो, पुढे वेग कमी होत जातो आणि जोर वाढत जातो.

चावीकडे मन ओढ घेत असेल तर एक हिशेब करून बघा. 5 किलोचं वजन 1 मीटर खाली उतरताना सुमारे 49 ज्यूल ऊर्जा देतं. ती 12 तास पुरवायची म्हणजे शिल्पाच्या वाट्याला जेमतेम 1.1 मिलिवॉट येतात. 1 वॉटची मोटर तेवढी ऊर्जा 49 सेकंदांत फस्त करते! म्हणून चावीच्या शिल्पात प्रत्येक शाफ्ट बारीक आणि गुळगुळीत हवा, बेअरिंग हलकं हवं, दात्यांना तेलाऐवजी ग्राफाइट चोळायचं (तेलानं धूळ धरते), आणि वेग आवरायला घड्याळासारखं एस्केपमेंटही (चाकाला एकेक दाता थांबवत सोडणारी खिटी) जमवायचं. जॉन हॅरिसन यांनी 1722 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रॉकल्सबी पार्कसाठी केलेलं लाकडी घड्याळ तेलाशिवाय चालतं, कारण बेअरिंगसाठी त्यांनी मुळातच तेलकट असलेलं लिग्नम व्हिटे हे लाकूड वापरलं. ओकच्या चाकांना दातेही त्यांनी वेगळे तुकडे बसवून केले, प्रत्येक तुकड्याची नस (लाकडाच्या धाग्यांची दिशा) बाहेरच्या दिशेला. एकाच फळीतून चाक कापलं की काही दात्यांत नस आडवी येते आणि नेमके तेच दाते तुटतात. आपल्याला एवढा खटाटोप नको असेल तर बर्च प्लायवूड घ्यावं. त्याचे थर आडवेउभे असल्यानं ते दमट हवेत फारसं फुगत नाही.

मोटर या सगळ्या चुका पोटात घालते. जरा घट्ट बसलेला शाफ्ट, किंचित वाकडं भोक, तिला फरक पडत नाही. धोकाही त्यातच आहे. माझं एक चाक अखंड लाकडाचं होतं. दमट दिवसांत ते नसेला आडवं फुगून लंबगोल झालं आणि अडकलं. मोटर थांबली नाही. सकाळी पिनियनचे (मोठ्या चाकाशी जुळणाऱ्या छोट्या चाकाचे) तीन दाते खाली पडलेले. तेव्हापासून गिअर असलेली मोटर थेट शाफ्टला जखडत नाही. मध्ये नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती आणि हलकी स्प्रिंग घालतो, म्हणजे अडकलं तर तिथे घसरतं.

मोटर ठरली तरी कुठली हा प्रश्न उरतोच. मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी सिंक्रोनस मोटर सगळ्यात सोपी; तिचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. विजेच्या 50 हर्ट्झला मिनिटाला 5 फेरे देणारी मोटर 60 हर्ट्झला 6 देते. तो वेग मुकाट्यानं धरते, सर्किट लागत नाही. मात्र यातल्या साध्या मोटरी सुरू होताना कुठल्याही दिशेला फिरू शकतात. शिल्प दोन्ही बाजूंनी चालणारं असेल तर मजा, नाहीतर डोकेदुखी. शिवाय घरातला थेट विद्युतदाब लाकडाजवळ येतो, तेव्हा तारा नीट डबीत बंद करायच्या. 12 व्होल्टची डीसी गिअर मोटर वेग कमीजास्त करू देते, पण तिच्या पितळी गिअरांची घरघर पातळ प्लायवूड ढोलकीसारखी मोठी करून ऐकवतं. तिचे ब्रशही (फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) झिजतात. बटण दाबून दोन मिनिटं चालवायच्या शिल्पाला ती ठीक; दिवसभर चालवायला मी घेणार नाही.

स्टेपर मोटर सलग न फिरता एका फेऱ्यात सहसा 200 पावलं टाकते. थांब, उलट फीर, हळू हो, हे सगळं प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं. अडकलं तर ती पावलं चुकवते, सहसा जळत नाही, म्हणून तिला वेगळा घसरता जोड नसला तरी चालतं. साध्या ड्रायव्हरवर (तिला चालवणाऱ्या सर्किटवर) मात्र ती किरकिरते. मायक्रोस्टेपिंग करणारा, म्हणजे प्रत्येक पावलाचे बारीक भाग पाडणारा शांत ड्रायव्हर आणि मोटरखाली रबर, एवढं केलं की आवाज जवळजवळ जातो. थांबलेली असतानाही ती वीज घेते आणि तापते, तेव्हा मागे हवा खेळती ठेवा.

दात्यांचा आकारही यावरच ठरतो. मोटरसाठी 20 अंशांचा इन्व्हॉल्यूट दाता (यंत्रांच्या गिअरांत नेहमी असतो तो वक्र आकार) घ्यावा. लाकूड फुगलं-आकसलं आणि दोन शाफ्टमधलं अंतर थोडं बदललं तरी त्याचं वेगाचं गुणोत्तर बदलत नाही. फक्त 17 पेक्षा कमी दात्यांच्या पिनियनमध्ये दात्याचं मूळ कोरलं जाऊन कमकुवत होतं. वेग वाढवणाऱ्या चावीच्या साखळीत घड्याळजी सायक्लॉइडल (वेगळ्या वक्राचा) दाता निवडतात, कारण त्यात घर्षण कमी; पण अंतर चुकलं तर तो माफ करत नाही.

पहिलंच शिल्प असेल तर माझं मत सिंक्रोनस मोटर आणि चारच चाकं. भिंतीवर, रोज बसायच्या जागेजवळ लावायचं असेल तर स्टेपर. शिवाय, कोणी जवळ आलं की शिल्प दोन मिनिटं चालवणारा सेन्सर, कारण सतत फिरणाऱ्या गोष्टीकडे आठवड्याभरात कोणी बघत नाही. चावीला ती अडचण येत नाही. ती द्यायला रोज कोणीतरी हात लावतं आणि एस्केपमेंटची टकटक कानावर राहते.

तरीही ठरत नसेल तर उरलेल्या प्लायवूडची दोनच चाकं कापून फळीवर बसवा आणि बोटानं हलकेच टिचकी द्या. बराच वेळ गरगरत राहिली तर हाताला चावीची सफाई आली आहे. दोन फेऱ्यांत थांबली तर सध्या मोटर.