ऑटोरन्स: गुपचूप चालणारे अपडेटर बंद करायचं फुकट टूल, वर्षभर वापरून लिहितेय

घरातच डीटीपीचं काम करते मी, लग्नसराईत पत्रिका आणि एरवी बिलबुकं, बॅनर असं काय काय. लॅपटॉप २०१६चा, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी.

गेल्या मे महिन्यात एक काका मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला येऊन बसले होते, पाटणची एसटी पकडायची होती त्यांना, आणि मी कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाईल उघडायला टाकली तर ते निळं गोल फिरतच राहिलं. टास्क मॅनेजर उघडला, डिस्क १००%. सगळ्यात वर कोण, तर प्रिंटरसोबत आलेला अपडेटर, म्हणजे सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आपणहून शोधून उतरवणारा प्रोग्राम! प्रिंटर त्या दिवशी चालूसुद्धा नव्हता. काका म्हणाले, "होऊ दे गं पोरी, काही घाई नाही," पण डोळे घड्याळाकडे. त्यांची गाडी गेली. आणि अकराच्या आत मेसेज आला की तुमचा आजचा अर्धा डेटा संपलाय. मला खरंच रडू आलं होतं त्या दिवशी. माझ्या पैशाचं नेट, माझी मशीन, आणि मला न विचारता कुणीतरी ती वापरतंय.

आधी सगळे करतात तेच केलं, टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबवर जाऊन डिसेबल. चार दिवसांनी परत तोच. तेव्हा शोधत बसले आणि कळलं की त्या टॅबमध्ये फक्त लॉगिन केल्यावर सुरू होणारी मंडळी दिसतात. अपडेटर बहुतेक वेळा तिथे नसतातच, ते बसलेले असतात टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय) नाहीतर सर्व्हिसेसमध्ये (खिडकी न दाखवता मागे चालणारे प्रोग्राम), आणि काही तर दोन्हीकडे. एक दार लावलं की दुसऱ्या दारातून आत.

ऑटोरन्स इथेच कामाला येतं. ही सगळी दारं ते एकाच खिडकीत दाखवतं. सिसइंटर्नल्सचं टूल आहे, मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये ती साइट सुरू केली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी घेतली, म्हणजे आता हे मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं. कृपा करून तिथूनच घ्या, सर्चमध्ये दिसलेल्या कुठल्याही साइटवरून नको. झिप फाईल आहे, थोडक्या एमबीची, इन्स्टॉल करायची भानगड नाही. अनझिप करा, राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. तसं नाही उघडलं तर बऱ्याच नोंदींची टिक काढताच येत नाही.

पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी घाबरून बंद केलं होतं, खरं सांगते. शेकडो ओळी, बारीक अक्षर, काही पिवळ्या काही गुलाबी, सगळं इंग्रजीत आणि समजावून सांगणारं एक वाक्य नाही. गुलाबी म्हणजे त्या फाईलला कंपनीची खात्रीची सही नाही, लगेच व्हायरस समजू नका, पण बघून घ्या. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाईलच जागेवर नाही. माझ्याकडे एका जुन्या स्कॅनरची पिवळी ओळ होती, स्कॅनर भंगारात जाऊन दोन वर्षं झाली, सॉफ्टवेअर काढलं होतं, तरी त्याच्या अपडेटरची नोंद तशीच!

सोपं करायची युक्ती आहे. ऑप्शन्समध्ये जाऊन हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज करा, विंडोजच्या स्वतःच्या ओळी निघून जातात आणि यादी एकदम आटोपशीर होते. मग वर फिल्टरची जागा आहे तिथे इंग्रजीत अपडेट एवढंच टाईप करा. माझ्याकडे अकरा ओळी उरल्या. अकरा! क्रोमचे, अडोबी रीडरचा, जावाचा, प्रिंटरचे तब्बल तीन, फोटोच्या एका सॉफ्टवेअरचे दोन, असे. प्रत्येक ओळीपुढे ती कुठून चालते, फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, सही कुणाची, सगळं दिसतं. राइट क्लिक करून जंप टू एन्ट्री केलं की थेट त्या रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांची वही) किंवा टास्कच्या जागी नेऊन सोडतं. प्रिंटरवाल्याचा टास्क असा उघडून बघितला तर रोज सकाळी साडेदहाची वेळ लावलेली, म्हणजे बरोब्बर माझं गिऱ्हाईक यायची वेळ. इतके दिवस मला वाटायचं लॅपटॉपच म्हातारा झाला.

सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे ओळीपुढची टिक काढली की ती बंद होते, पण नोंद पुसली जात नाही, बाजूला ठेवली जाते. परत टिक केली की जशी होती तशी. त्यामुळे चूक झाली तरी सुधारता येते. डिलीट मात्र करू नका, त्याला परत फिरायची वाट नाही. आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये तर हातच घालू नका, तिथे चुकीची टिक गेली तर मशीन सुरूच न होण्याचा धोका असतो. मी सुरुवातीला सिस्टीम रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर विंडोजच्या सेटिंग परत आधीसारख्या करायची खूण, करून घेतला होता, तुम्हीही घ्या. अजून एक, टिक काढल्याने आत्ता चालू असलेला अपडेटर थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी सुरू होत नाही, म्हणून नंतर एकदा रीस्टार्ट करा नाहीतर वाटेल काही फरकच पडला नाही.

आता मुद्द्याचं, कारण इथे लोक चुकतात असं मला मनापासून वाटतं. अकरापैकी क्रोमचे मी चालूच ठेवलेत. विंडोज अपडेट आणि अँटीव्हायरस यांच्या तर वाटेलाच गेले नाही. ब्राउझरमधून बँकेचं काम करतो आपण, त्याचे अपडेट थांबवून डेटा वाचवणं म्हणजे कुलूप विकून दार घेण्यातला प्रकार. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला होता आठवतंय का, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कॉम्प्युटर लॉक झाली होती, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, दोन महिने आधी. ज्यांनी टाकला नाही ते सापडले. डेटाची काळजी असेल तर वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शन (म्हणजे मोजून मिळणारं नेट) करा, विंडोजचे बहुतेक डाउनलोड थांबून राहतात, मी रविवारी दिराकडच्या वायफायवर उरकून घेते.

जावाचं वेगळंच झालं. अपडेटर बंद करायला गेले आणि प्रश्न पडला, जावा लागतं कशाला? कशालाच लागत नव्हतं. मग सरळ जावाच काढून टाकलं, तेच बरं. न वापरलेलं सॉफ्टवेअर जुनं होत पडून राहण्यापेक्षा नसलेलं चांगलं. प्रिंटरचे तीन आणि फोटोवाल्याचे दोन यांच्या टिका काढल्या. अडोबी रीडरचा ठेवला, लोकांच्या मेलवरून आलेल्या पीडीएफ दिवसभर उघडते मी. ज्यांचे बंद केले त्यांचे अपडेट महिन्यातून एकदा स्वतः बघते, कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाईप करायची विंडोजची काळी खिडकी) विनगेट अपग्रेड असं इंग्रजीत टाकलं की कुणाकुणाचं नवीन व्हर्जन आलंय त्याची यादी येते, पाहिजे ते घ्यायचं. प्रिंटरचं त्यात दिसत नाही, ते त्यांच्या साइटवर जाऊन बघावं लागतं.

फरक? आधी चालू केल्यापासून कोरल उघडेपर्यंत सात मिनिटं जायची, आता साडेतीनच्या आसपास, मोबाईलवर घड्याळ लावून बघितलंय. दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरतो. अर्थात हार्ड डिस्क ती हार्ड डिस्कच, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली तर याहून जास्त फरक पडेल, पैसे जमले की टाकणार आहे. पण हे फुकटात झालं.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो दिसण्याबद्दल, माझ्या सासऱ्यांसारख्या माणसाच्या हातात हे देता येत नाही, त्यांच्या कॉम्प्युटरवर मीच बसून करून दिलं. अजून एक त्रास, टिक काढलेला अपडेटर त्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकलं की कधीकधी नव्या नोंदीने परत येतो. त्यासाठी यात सोय आहे, स्वच्छ झालेली यादी फाईल मेनूतून सेव्ह करून ठेवायची आणि नंतर कंपेअर करायचं, नवीन आलेल्या ओळी हिरव्या दिसतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला करते. या वेळी दोन हिरव्या निघाल्या, दोन्ही प्रिंटरवाल्याच्या, मागच्या आठवड्यात ड्रायव्हर नवा टाकला होता ना त्यासोबत आलेल्या. दोन्हींच्या टिका काढल्या, रीस्टार्ट केलं आणि पत्रिकेला बसले.