जलपर्णी: उपसत राहायची की भुंगेऱ्यांवर सोपवायची?

फवारणी नको असेल तर नदीतल्या जलपर्णीवर टिकाऊ उपाय दोनच उरतात. यंत्राने किंवा हाताने उपसत राहायचं, नाहीतर जलपर्णी खाणारे नीओकेटिना भुंगेरे सोडायचे. बंधाऱ्याच्या फुगवट्यात मी दोन्ही केले आहेत.

उपसल्यावर पाणी लगेच मोकळं दिसतं, हा गुण मोठा आहे. पुलाच्या मोऱ्या तुंबल्या असतील तर भुंगेऱ्यांची वाट बघा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण उपसणं संपत नाही. एवढंसं राहिलेलं रोप अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं, आणि गाळातलं बी १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं. पृष्ठभाग मोकळा झाला की त्या बियांना ऊनही मिळतं.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते काठावरच्या ढिगामुळे. जलपर्णीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असतं, म्हणजे डंपरने वाहायचं ते मुख्यतः पाणीच. त्यामुळे माल काठावर पडून राहतो. वरचा थर वाळतो, आतली रोपं ओलाव्यावर तग धरतात आणि पूर आला की पुन्हा पात्रात जातात. खत चांगलं होतं, पण पसरून वाळवायला लागणारी जागा नदीकाठी मिळेलच असं नाही. आम्हाला मिळाली नाही.

भुंगेरे सोडले तर काठावर असा ढीग होत नाही. प्रौढ भुंगेरे पानं ओरबाडतात, अळ्या देठ पोखरत गाभ्यापर्यंत जातात. रोप खुरटतं, फुलणं कमी होतं आणि शेवटी ते बुडतं. व्हिक्टोरिया सरोवराच्या युगांडाकडच्या भागात हे भुंगेरे १९९५ मध्ये सोडले आणि दशक संपेपर्यंत जलपर्णी खूप घटली. मधल्या एल निनोचाही त्यात वाटा होता असं काही अभ्यासक मानतात, म्हणून सगळं श्रेय मी भुंगेऱ्यांना देत नाही.

त्यांना वेळ मात्र लागतो, बहुधा तीन ते पाच वर्षं. सुरुवातीला पानांवरच्या खरवडल्यासारख्या डागांखेरीज काही दिसत नाही आणि काठावरची माणसं विचारत राहतात की काम कुठे चाललंय. मोठ्या पुरात रोपांबरोबर भुंगेरेही वाहून जातात. एकदम खूप रोपं बुडाली तर ती कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो; मासेमारीच्या जागी हे आधी ध्यानात घ्यावं. आणि सांडपाणी येतच राहिलं तर नत्र-स्फुरदावर माजलेलं रोप भुंगेऱ्यांना पुढे जाऊ देत नाही. तिथे उपसणंही हरतंच म्हणा, फक्त पैसे जास्त खर्चून.

तुमचा प्रवाह वेगवान असेल, किंवा येत्या पावसाळ्याआधी पात्र मोकळं हवंच असेल, तर उपसा. संथ पाणी असेल आणि काही वर्षं धीर धरता येत असेल, तर मी भुंगेऱ्यांकडे झुकेन. दोन्ही एकत्र करणार असाल तर सगळी जलपर्णी खरवडून काढू नका. भुंगेऱ्यांचे कोष मुळांना चिकटलेले असतात, रोपाबरोबर तेही काठावर येऊन मरतात. पुराचा जोर लागणार नाही अशा वळणात दोर ताणून एक पट्टा राखा आणि यंत्रवाल्याला तो आधीच दाखवून ठेवा.