कॅमेऱ्याविना आजी-आजोबांच्या घरात सेन्सर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं, राहणारे आजी-आजोबा दोघंच. सामान: झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी जोडणी) वापरून सगळे सेन्सर जोडणारा हब १, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारे पीआयआर सेन्सर ३, मुख्य दाराला चुंबकाचा सेन्सर १, बिनतारी बटणं २, स्मार्ट प्लग १. कॅमेरा आणि मायक्रोफोन मुद्दाम टाळले.

सेन्सर हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, जमिनीपासून साधारण २ मीटरवर. बाथरूमच्या आत एकही नाही. नियम एकच. सकाळी ८ पर्यंत कुठेच हालचाल दिसली नाही तर आधी हब घरातच वाजतो. पहिलं बटण दाबलं की विषय संपला. १० मिनिटांत दाबलं नाही तर शेजाऱ्यांच्या फोनवर सूचना जाते, त्यानंतर मुलांच्या. हा क्रम उलटा कराल तर सगळं सामान महिनाभरात कपाटात जाईल. आपल्या घरातली खबर आपल्याआधी परगावी पोहोचलेली कोणालाच आवडत नाही.

सगळ्यात जास्त त्रास वायफायने नाही, सवयीने दिला. वापर नसेल तर बटण बंद करायचं, ही आयुष्यभराची शिस्त. पण स्मार्ट प्लग झिगबीचा सिग्नल पुढे पोहोचवतो, बॅटरीवरचे सेन्सर ते काम करत नाहीत. प्लगचं बटण बंद झालं की स्वयंपाकघरातला सेन्सर गप्प. प्लग हाताला सहज न लागणाऱ्या उंच सॉकेटमध्ये हलवला, तेव्हा हे थांबलं. राउटरचा वायफाय चॅनेल १ आणि झिगबीचा २५ ठेवा, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर असूनही एकमेकांत येत नाहीत. राउटर आणि हब दोन्ही छोट्या यूपीएसवर हवेत.

उन्हाळ्यात खोली ३५ अंशांच्या आसपास गेली की अंगाच्या आणि भिंतीच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही, मग पीआयआर चुकतो. माणूस सेन्सरच्या दिशेने चालत येण्याऐवजी त्याच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा निवडा. ॲपमधल्या बॅटरीच्या टक्क्यांवर विसंबू नका. बटण-सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तेवढंच राहतं आणि मग एकदम कोसळतं. पडणं यातलं काहीच ओळखत नाही, कळते ती फक्त शांतता. म्हणून १०८ मोठ्या अक्षरात भिंतीवर हवाच.

आता खरा प्रश्न. रात्री पॅसेजमध्ये किती वेळा हालचाल झाली, हे ॲपमध्ये दिसतं. 'काल चारदा उठलात का?' असा फोन एकदा आला की विश्वास गेलाच. त्यामुळे मुलांच्या खात्यातून तक्ते काढले, त्यांना फक्त सूचना जाते. नोंदी ७ दिवसांत पुसल्या जातात. कामाला येणाऱ्या बाईंची ये-जाही दाराच्या सेन्सरवर उमटते, त्यांनाही आधी सांगायला हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू नाही. म्हणजे मुलगा आणि आई यांच्यामध्ये कायदा उभा राहत नाही, संमती घरातच आणि पुन्हापुन्हा विचारावी लागते.

दुसरं बटण त्यासाठीच. ते दाबलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नोंद आणि सूचना दोन्ही बंद, आणि ते का दाबलं हे विचारायचं नाही. सेन्सर दुहेरी चिकटपट्टीवर लावा, खिळे नकोत. डिस्टेंपरच्या भिंतीवर पावसाळ्यात पट्टी सुटते, तिथे दाराच्या चौकटीवर लावा. नको वाटलं तर आजोबा स्वतःच काढू शकतील.