क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१: मुंबईतल्या घरच्या ब्रॉडबँडवर कसा चालतो

अस्तित्वातच नसलेल्या साइटचं नाव टाकल्यावर एररऐवजी जाहिरातींचं पान उघडत असेल, तर बहुधा इंटरनेटवाल्याचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, खोटा पत्ता देतोय. क्लाउडफ्लेअर कंपनीचा २०१८पासून फुकट मिळणारा डीएनएस १.१.१.१ त्यावर चांगला इलाज आहे, पण राउटरमध्ये नुसता आकडा भरून भागत नाही.

साधी डीएनएस चौकशी ५३ नंबरच्या पोर्टवरून उघडीच जाते आणि ती मधेच अडवता येते. कॉम्प्युटरवरच्या एनएसलुकअप या डीएनएस तपासायच्या कमांडला सर्व्हर म्हणून १.१.१.१ द्या आणि मनाला येईल ते निरर्थक नाव विचारा. तरीही पत्ता आला, तर चौकशी क्लाउडफ्लेअरपर्यंत पोचतच नाहीये. मग अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये 'वन.वन.वन.वन' हे होस्टनेम इंग्रजी अक्षरांत भरा. मग फोनच्या सगळ्या डीएनएस चौकश्या ८५३ नंबरच्या पोर्टवरून एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधे कुणाला वाचता येणार नाहीत अशा, जातात.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, लांब पद्धत, मात्र हमखास विसरलं जातं. राउटर त्याचा डीएनएस वेगळा देतो, म्हणून राउटरमध्ये २६०६:४७००:४७००::११११ हाही भरायचा आणि विंडोजचा डीएनएस कॅश (जुन्या उत्तरांचा साठा) रिकामा करायचा.

वेग तपासायचाय? उत्तर कुठल्या शहरातल्या सर्व्हरकडून येतंय ते बघा: १.१.१.१कडे केऑस क्लासमध्ये (सर्व्हरची स्वतःची माहिती विचारायचा डीएनएस चौकशीचा प्रकार) 'आयडी.सर्व्हर'चं टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराच्या रूपातलं उत्तर, मागवा. उत्तरात मुंबई विमानतळाचा कोड बीओएम आला तर उत्तम. सिंगापूरचा एसआयएन आला तर व्हिडिओसुद्धा तिकडच्या सर्व्हरवरून यायची शक्यता असते, कारण क्लाउडफ्लेअर तुमच्या नेटवर्कचा पत्ता पुढे व्हिडिओवाल्या साइटच्या डीएनएसला कळवत नाही. अशा जोडणीवर मी तो कळवणारा गूगलचा डीएनएस ८.८.८.८च सुचवेन.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हे बदलू नका. कंपनीची आतली नावं बाहेरच्या डीएनएसला सापडत नाहीत.