गणिताच्या चाचण्यांसाठी स्टॅक: सत्रभर वापरल्यानंतर

स्टॅक हा मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या व्यवस्थेवर चालणारा फुकट प्रश्नप्रकार आहे. यात विद्यार्थी चारपैकी एक पर्याय निवडत नाही, उत्तराची राशी स्वतः टाइप करतो आणि ती सर्व्हरवरचं मॅक्सिमा हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर तपासतं. आमच्या यवतमाळकडच्या तालुक्यात सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी लागली की अर्धा वर्ग शेतात असतो. तेव्हा रात्री घरून मोबाईलवर चाचणी देता येते, हीच मोठी सोय.

खरी मेहनत प्रश्न लिहिण्यात आहे. दोन राशी सारख्या कधी मानायच्या, हे मॅक्सिमा स्वतः ठरवत नाही. ते प्रश्नागणिक आपण सांगायचं. क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडायला दिले आणि तपासणी 'अल्जइक्विव्ह'वर ठेवली, तर प्रश्नातलीच राशी जशीच्या तशी उतरवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. बीजगणिताच्या हिशेबानं ती (क्ष − २)(क्ष − ३) एवढीच आहे ना! इथे 'फॅकफॉर्म' (उत्तर अवयवांच्या रूपात आहे का, हे पाहणारी तपासणी) लावायचं आणि टेस्ट ऑप्शनच्या रकान्यात चल लिहायचा. ३क्ष + २क्ष सोपं करायला सांगितलं असेल तर 'इक्वलकॉमअ‍ॅस': पदांचा क्रम बदलला तरी चालतो, पण बेरीज न करता ठेवलेलं उत्तर अडतं.

अनिश्चित संकलनासाठी (इंटिग्रेशनसाठी) 'इंट' ही तपासणी वेगळी आहे आणि तेच वापरा. साइन क्ष गुणिले कोसाइन क्ष याचं संकलन कुणी साइन वर्गाचं निम्मं लिहितो, कुणी ऋण कोसाइन वर्गाचं निम्मं, कुणी ऋण कोसाइन २क्ष भागिले ४. तिन्हींत फरक फक्त स्थिरांकाचा, म्हणून तिन्ही बरोबर. साध्या समानतेच्या तपासणीत यातलं एकच पास होतं आणि मग विद्यार्थी वही घेऊन टेबलापाशी येतात.

मॅक्सिमाची दुसरी खोड म्हणजे आपोआप सोपं करणं. ३क्ष + २क्ष असा प्रश्न लिहिला की पडद्यावर ५क्ष दिसतं, म्हणजे उत्तर प्रश्नातच. प्रश्नाच्या सेटिंगमध्ये 'सिम्प्लिफाय' बंद करा. मात्र ते बंद केल्यावर यादृच्छिक संख्येत १ मिळवलेलं चलही '३ + १' असंच छापलं जातं. तेवढा भाग मॅक्सिमाच्या 'ईव्ही' या आज्ञेत 'सिम्प' देऊन वेगळा सोडवून घ्यावा लागतो. यादृच्छिक सहगुणकांतून शून्य वगळायलाही विसरू नका. नाहीतर एखाद्या विद्यार्थ्याला वर्गसमीकरणाच्या जागी एकघाती समीकरण मिळतं. प्रश्नाचे व्हेरिएंट (वेगवेगळ्या आकड्यांच्या प्रती) आधीच तयार करून प्रत्येक डोळ्याखालून घालावा.

विद्यार्थ्यांच्या बाजूनं सगळ्यात उपयोगी चौकट म्हणजे 'तुमचं उत्तर असं वाचलं'. १/२क्ष टाइप केलं आणि गुणाकाराची चिन्हं आपोआप घालायचा पर्याय चालू असेल तर ते क्ष भागिले २ असं वाचलं जातं. पोराच्या मनात असतं १ भागिले २क्ष. चौकटीत अपूर्णांक आडवी रेघ मारून दिसतो, त्यामुळे जमा करायच्या आधीच चूक कळते. क्ष(क्ष + १) मध्ये गुणाकाराचं चिन्ह हातानं घालायची सवय लावा. फलन की गुणाकार, हे यंत्राला नेमकं कळत नाही. 'लॉग' म्हणजे इथे नैसर्गिक लॉग, १० पायाचा हवा तर 'एलजी'. मोबाईलचा कीबोर्ड इंग्रजी अंकांवर ठेवायला लावा. हे सगळं प्रश्नपत्रिकेच्या वरच मराठीत लिहून ठेवलं तर निम्मे फोन कमी होतात.

उभारणी करताना स्टॅकच्या आधी तीन 'बिहेवियर' प्लगइन (प्रश्न कसा वागेल हे ठरवणारी जोड-सॉफ्टवेअरं) टाकावी लागतात. त्यातल्या दोघांच्या नावात 'व्हॅलिडेट'चं स्पेलिंग मुळातच चुकलेलं आहे. फोल्डरचं नाव दुरुस्त करायचा मोह आवरा, नाहीतर प्लगइन सापडत नाही. मग हेल्थचेक (सगळं नीट बसलं का, याची तपासणी) चालवा आणि मॅक्सिमाची ऑप्टिमाइज्ड प्रतिमा (लवकर सुरू होणारी तयार प्रत) बनवा, त्याशिवाय वर्गभर एकदम बसला की सर्व्हर धापा टाकतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टॅकची कॅश (आधी काढून साठवलेली उत्तरं) पुसू नका.

लॅबमध्ये इंटरनेट गेलं आणि नुसतं लॅन चालू राहिलं तर आणखी एक गंमत होते. पडद्यावर सूत्रं दाखवणारं मॅथजॅक्स मूडल बाहेरच्या सर्व्हरवरून आणतं, त्यामुळे सूत्रांच्या जागी उलट्या तिरक्या रेघांचा कोड दिसतो. मॅथजॅक्स आपल्याच सर्व्हरवर ठेवून फिल्टरमधला पत्ता बदलला की हा त्रास संपतो. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टरवर सर्व्हरसोबत नेटवर्क स्विचही घ्या, तो हमखास राहून जातो.

भूमितीतल्या सिद्धता मात्र आम्ही अजून कागदावरच घेतो.