साताऱ्यातून भाड्याने घेतलेले तंबूसाहित्य: चाळकेवाडीच्या सड्यासाठी कितपत उपयोगी?

चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दोन गाड्या घेऊन मुक्कामाला जाण्यासाठी आम्ही साताऱ्यातील एका दुकानातून तंबू आणि इतर साहित्य भाड्याने घेतले. दुकानदारांनी पैशांआधी जागा विचारली, हे विशेष आवडले. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत असल्याने तेथील मुक्कामाचा विचारही करू नका आणि अन्यत्र जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकू नका, असे त्यांनी बजावले. सड्यावर जांभ्याचा कातळ आणि त्यावर जेमतेम बोटभर माती असल्यामुळे खुंट्या आत शिरतच नाहीत, म्हणून तंबूच्या दोऱ्या बांधण्यासाठी त्यांनी वाळू भरलेली पोती गाडीत टाकून दिली, आणि रात्रीच्या वाऱ्यात तंबू टिकला तो त्या पोत्यांमुळेच (पवनचक्क्या तेथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत). गाड्या मात्र रस्त्यालगतच ठेवाव्यात, कारण चाकांखाली त्या पातळ मातीतील वनस्पती चिरडल्या जातात.

भाडे वाजवी वाटले. स्लीपिंग बॅगांना मात्र कोंदट वास येत होता, एकीची चेन अर्ध्यावरच अडकत होती, आणि हिवाळ्यातील थंडीला त्या अपुऱ्याच पडतात; घरची एखादी वाकळ सोबत असू द्यावी.